घरचें आरोग्य : सकाळीं ताठणारीं बोटें

लोणावळ्याहून एका वृद्ध गृहस्थांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांतील मजकूर थोडक्यांत असा : घरांत लहानमोठीं अकरा माणसें. धाकटी सून एकतीस वर्षांची, तिला दोन मुलें. गेल्या ज्येष्ठापासून तिच्या दोन्ही हातांचीं बोटें सकाळीं ताठतात, मनगटें सुजतात, कणीक मळवत नाहीं. दहा वाजण्याच्या सुमारास हात मोकळे होतात. "हा आमच्या घाटमाथ्याच्या पावसाचा प्रसाद, हें आम्ही जाणतोंच. दिवाळीनंतर तिला चार महिने सोलापुरास माहेरीं कोरड्या हवेंत पाठवावें असा विचार आहे. तोंपर्यंत कोणतें तेल चोळावें, एवढें कळवण्याची कृपा करावी."

पत्र सद्भावनेचें आहे. सुनेला हवापालटास पाठवूं इच्छिणारा सासरा प्रत्येक घरांत असतो असें नाहीं. तथापि आमचें उत्तर असें कीं, तेलाचा प्रश्न बाजूस ठेवावा, दिवाळीची वाट पाहूं नये, आणि याच आठवड्यांत सुनेला पुण्यास घेऊन जावें. इतकी निकड कशासाठीं, याचा उलगडा करण्यांत आजचें सदर खर्चीं घालीत आहों.

पावसावरील हा आरोप मावळांत फार जुना आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, कोठेंहि जा. आषाढांत चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, भिंतींना ओल सुटते, कपडे शेगडीच्या उबेवर वाळवावे लागतात. अशा ठिकाणीं सांधा दुखूं लागला कीं आकाशाकडे बोट दाखवलें जावें, हें स्वाभाविकच. लोणावळ्यास वर्षाकाठीं दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पण याच पुणें जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उजनीच्या जलाशयाकांठीं भिगवण नांवाचें गांव आहे. तेथें पाऊस वीस इंचांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना व सांध्यांच्या विकारांवर काम करणाऱ्या वैद्यांची आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या संयुक्त योजनेखालीं डॉ. अरविंद चोप्रा यांनीं १९९६ सालीं याच भिगवणांत घरोघर पाहणी सुरू केली. गांवांतल्याच स्वयंसेवकांना शिकवून दारोदार पाठवलें, दुखणाऱ्या प्रत्येक माणसास विचारलें, तपासलें. आतां आपण ज्या रोगाविषयीं बोलत आहों तो तेथें प्रौढ माणसांत शेंकडा सुमारें अर्धा, म्हणजे दोनशांत एक, असा आढळला. कोरड्या भिगवणांत दोनशांत एक हें प्रमाण कांहीं थोडें नव्हे. अमेरिकेंतील ॲरिझोनाच्या वाळवंटांत पिमा नांवाचे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्यांत हा रोग जगांत अत्यंत अधिक आढळणाऱ्या समाजांपैकीं एक असा गणला गेला. वाळवंटांत जो रोग इतका फोफावतो, त्याचें खापर आषाढाच्या माथीं फोडतां येणार नाहीं.

हवेचा कांहींच संबंध नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. गारठ्यांत ठणका अधिक जाणवतो, असें कित्येक रोगी सांगतात, व त्यांना खोटें पाडण्याचें आपणांस कारण नाहीं. पण दुखणें जाणवणें निराळें आणि दुखणें उत्पन्न होणें निराळें.

या रोगास डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे त्यास आमवात म्हणण्याचा प्रघात आहे. आमवाताचें स्वतंत्र प्रकरण माधवकराच्या 'माधवनिदान' ग्रंथांत, म्हणजे सुमारें सातव्या-आठव्या शतकांत, आढळतें. सांध्यांना विंचू डसल्याप्रमाणें वेदना होतात, असें तेथें म्हटलें आहे. जुन्या ग्रंथांतला आमवात व आजचा हा रोग अगदीं एकच, असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. परंतु वर्णन ओळखीचें वाटतें खरें. एक घोटाळा मात्र येथेंच दूर केला पाहिजे. उतारवयांत गुडघे झिजतात, जिना चढतांना कुरकुरतात, त्यालाहि आपण संधिवातच म्हणतों. तो विकार वापरानें व वयानें येणारा. त्यांत विसांवा घेतल्यानें बरें वाटतें, व सकाळचा ताठरपणा पांच-दहा मिनिटांत जातो. आमवाताची तऱ्हा उलट. त्यांत रात्रभराच्या विसांव्यानंतरच सांधा अधिक ताठतो, तो मोकळा व्हावयास तास-तास लागतो, आणि काम करूं लागल्यावर तो सैल पडतो. दोन्ही हातांचे लहान सांधे, म्हणजे बोटांच्या मुळाचे व मधले, सारखेच धरतात. नखाजवळचा शेवटचा सांधा बहुधा सुटतो. सूज हाताला मऊ लागते. रोग्याचा हात हातांत घेऊन बोटांच्या मुळाशीं आडवें हलकेंच दाबलें तरी तो कळवळतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हा रोग सुमारें तिप्पट, आणि तोहि बहुधा भर संसाराच्या वयांत.

आतां, सांध्यांत होतें तरी काय? आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लोहगड पाहिला असेल. गडावर शिबंदी ठेवतात ती बाहेरच्या शत्रूसाठीं. शरीरांतहि अशी शिबंदी आहे. ती पांढऱ्या रक्तपेशींची. त्यांतील लिंफोसाइट नांवाच्या पेशींची रीत मोठी चमत्कारिक. प्रत्येक पेशी एकाच विशिष्ट शत्रूची ओळख घेऊन येते. जणूं एका शिपायास एकच चेहरा ठाऊक. असे कोट्यवधि शिपाई निरनिराळे चेहरे लक्षांत ठेवून अंगभर हिंडत असतात. ज्याच्या ओळखीचा शत्रु समोर येतो तेवढाच शिपाई दुभंगूं लागतो. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ, असें होत आठवड्याभरांत त्याच्या हजारों प्रती तयार होतात. घसा आला असतां मानेंतल्या गांठी फुगतात, त्यास या वाढीचाहि हातभार असतो. शत्रु संपला कीं यांतले बहुतेक आपोआप मरतात, थोडे जुनी ओळख जपत मागें रहातात, आणि गांठ पुन्हां बसते. ऑस्ट्रेलियांतील फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनीं १९५७ सालीं ही उपपत्ति मांडली, आणि पुढील संशोधनानें ती मुख्यत्वें खरी ठरली.

या रचनेंत एक धोका जन्मतःच बसलेला आहे. एखाद्या शिपायास घरच्याच माणसाचा चेहरा शत्रूचा म्हणून ठाऊक असला तर? निरोगी शरीर असे शिपाई बहुतांशीं आधींच वेंचून काढतें. उरलेल्यांना गप्प बसवतें. हा बंदोबस्त कोठें तरी ढिला पडला म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतें. या शतकाच्या मागल्या शतकाच्या आरंभीं मोठमोठ्या पंडितांना हें अशक्य वाटत होतें. १९१२ सालीं हाकारू हाशिमोटो या जपानी शस्त्रवैद्यानें चार स्त्रियांच्या गळ्यांतील ग्रंथि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या, आणि त्या लिंफोसाइट पेशींनीं गच्च भरलेल्या दिसल्या. त्या पेशी तेथें काय करीत होत्या, हें उमगावयास १९५६ साल उजाडलें : त्या त्या ग्रंथींवरच चालून आल्या होत्या. आज ज्या घरांत एखाद्या सुनेची किंवा आत्याबाईंची थायरॉइडची गोळी फडताळांत असते, त्यांपैकीं अनेक घरांत मूळ कारण हेंच असतें.

आमवातांत ही चढाई सांध्याच्या आंतल्या अस्तरावर होते. हें अस्तर मोठें नाजूक. त्यावरील पेशींचा थर निरोगी स्थितींत एक-दोन पदरांचा असतो, व सांध्याला वंगण पुरवणें हें त्याचें काम. रोग जडला म्हणजे तेथें शिबंदीच्या झुंडी उतरतात, त्यांना रसद पुरवण्यास नव्या रक्तवाहिन्या फुटतात, अस्तराचे पदरांवर पदर चढतात. कित्येक रोग्यांत तर मानेंतल्या वा काखेंतल्या गांठींत असावेत तसे लिंफोसाइटांचे पुंजके थेट सांध्याच्या अस्तरांतच जमतात. छावणी जेथें असावी तेथें नसून बोटाच्या सांध्यांत पडली, असा हा प्रकार. तेथूनच अशीं प्रतिद्रव्यें बाहेर पडतात, जीं शरीराच्या स्वतःच्या पदार्थांना चिकटतात. रक्तांत त्यांचा शोध घेतां येतो. तशा एका परीक्षेची सुरुवात नॉर्वेंतील एरिक वालर यांच्या १९४० सालच्या निरीक्षणापासून झाली. पुढें तें सुजलेलें अस्तर सायीसारखें पसरून कूर्चेवर चढतें, कूर्चा खातें, हाड कुरतडतें. बाहेरचा शत्रु केव्हां तरी संपतो. घरचा माणूस घरींच रहातो. म्हणून ही वाढ सहसा आपण होऊन थांबत नाहीं.

आणि कुरतडलेलें हाड पुन्हां भरून येत नाहीं. आमच्या निकडीचें कारण हें. हा नाश कित्येक रोग्यांत पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतो, आणि पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध मिळाल्यास जो गुण येतो तसा मागाहून येत नाहीं, असा तज्ज्ञांचा अनुभव आहे. ज्येष्ठांत आरंभ, दिवाळीनंतर चार महिने सोलापूर. म्हणजे पत्रकर्त्या गृहस्थांनीं हे मोलाचे महिने सगळेच्या सगळे हवेवर उधळण्याचें योजिलें आहे.

येथें थोडें घरचें सांगतों. आमच्या थोरल्या वहिनी १९६८ सालीं लग्न होऊन पवन मावळांतल्या आमच्या घरीं आल्या. अंगानें सडपातळ, कामाला चटपटीत. १९७४ च्या पावसाळ्यांत त्या सकाळीं उशिरा उठूं लागल्या. उठल्या कीं प्रथम बंबाजवळ जाऊन तपेल्यांतल्या कढत पाण्यांत दोन्ही हात बुडवून बसत. बरणीचें झांकण त्यांना उघडत नसे, ओलें लुगडें पिळवत नसे. दुपारीं मात्र त्या नेहमींसारख्या हिंडतफिरत. घरांत याचा जो अर्थ लावला गेला तो सांगावयास आज लाज वाटते. आमच्या मातोश्री एकदां म्हणाल्या, "सकाळच्या कामांपुरतेंच कसें गं दुखतें तुझें?" दादा गप्प राहिले. आम्ही तेव्हां महाविद्यालयांत विज्ञान शिकत होतों, आणि आम्हीहि हंसलों. सकाळीं ताठणें व दुपारीं सैल होणें हें ढोंगाचें नव्हे तर याच रोगाचें लक्षण, हें आम्हांस पुढें सहा वर्षांनीं कळलें.

दरम्यान कोणीतरी एका गांवच्या औषधवाल्याकडून पुड्या आणून दिल्या. पहिल्या आठ दिवसांतच वहिनी हांतरुणांतून टुणकन् उठूं लागल्या. घरांत आनंदीआनंद! दोन वर्षांत त्यांचा चेहरा वाटोळा झाला, अंगावर काळेनिळे डाग उमटूं लागले, आणि पुडी एक दिवस चुकली कीं त्यांना उठवेना. पुण्याच्या डॉक्टरांनीं पाहतांच ओळखलें. जडीबुटी म्हणून दिलेल्या त्या पुडींत स्टेरॉइड मिसळलेलें असावें, असें त्यांचें मत पडलें. हें औषध स्वतः वाईट नाहीं. फिलिप हेंच यांनीं १९४८ सालीं अमेरिकेंत तें प्रथम आमवाताच्या रोग्यास दिलें, आणि १९५० सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जाणत्या हातीं थोडे दिवस दिलेलें स्टेरॉइड हा मोठा आधार असतो. पण नांव न सांगतां पुडींत घालून वर्षानुवर्षे दिलेलें स्टेरॉइड हाडें ठिसूळ करतें, आणि अंगांत दबून असलेल्या क्षयासारख्या रोगाला मोकळें रान देतें. आठ दिवसांत चमत्कार करणाऱ्या बेनांवाच्या पुडीची घरांतील कर्त्या माणसानें भीतीच बाळगावी. वहिनींचीं बोटें तोंवर करंगळीच्या बाजूस कललीं होतीं. तीं तशींच राहिलीं.

या रोगावर आज प्रथम जें औषध बहुधा दिलें जातें तें मेथोट्रेक्सेट. त्याच्या पूर्वपीठिकेंत आपल्या मुंबईचा अंश आहे, म्हणून ती सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाची इंग्रज विदुषी मुंबईस आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणीं रक्तक्षयानें कां मरतात, याचा तिनें परळच्या हाफकिन संस्थेंत राहून शोध घेतला, आणि यीस्टच्या अर्कानें त्यांना गुण येतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतलें गुणकारी द्रव्य तें फॉलिक ॲसिड. नव्या पेशी निर्माण होण्यास तें लागतें. पुढें अमेरिकेंत, भीमवरमहून गेलेल्या डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेंत हें द्रव्य कृत्रिम रीतीनें तयार झालें, आणि पाठोपाठ त्याच्या वाटेंत आडवीं येणारीं द्रव्येंहि झालीं. त्यांपैकीं एकाच्या बळावर सिडनी फार्बर यांनीं १९४८ सालीं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगास कांहीं काळ तरी माघार घ्यावयास लावली. मेथोट्रेक्सेट त्याच कुळांतलें. भरमसाट वाढणाऱ्या पेशींना तें अडवतें, म्हणून तें कर्करोगावर. आणि त्याच्या कितीतरी लहान मात्रेनें शिबंदीचा क्षोभ शमतो, म्हणून आमवातावर. अमेरिकेच्या सरकारनें या दुसऱ्या उपयोगास १९८८ सालीं मान्यता दिली.

आतां नेमकी येथेंच घरांत धांदल उडते. औषधाचा कागद कोणी तरी वाचतो, "हें तर कॅन्सरचें औषध!" असें ओरडतो, आणि डबी कचऱ्यांत जाते. अशीं घरें आम्ही एकाहून अधिक पाहिलीं आहेत. आमवात हा कर्करोग नव्हे. त्यांत पेशी वाढतात, पण त्या अनेक जातींच्या, आणि चिथावणी मिळते म्हणून वाढतात. चिथावणी थांबवली तर वाढहि ओसरते. कर्करोगांत एकच पेशी बेफाम होते, तिला चिथावणीची गरज उरत नाहीं. मात्र या दोहोंमध्यें एक अरुंद वाट आहे, आणि ती लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आमवाताच्या रोग्यांत लिंफोसाइट पेशींचा कर्करोग, ज्यास लिंफोमा म्हणतात, सर्वसामान्य माणसांच्या सुमारें दुप्पट आढळतो. मुळांतच तो विरळ असल्यानें दुप्पट झाला तरी विरळच रहातो. परंतु ज्यांचा आमवात वर्षानुवर्षे धगधगत राहिला त्यांच्यांत तो विशेष आढळतो, असें स्वीडनमधील मोठ्या पाहणींत दिसून आलें. शिपाई अखंड दुभंगत राहिले तर एखाद्याच्या हातून नक्कल चुकण्याचा संभव वाढणारच. तेव्हां कर्करोगाच्या भयानें जो औषध टाकतो तो ज्या आगीपासून पळतो तिलाच इंधन घालतो. लिंफोमावर १९९७ पासून वापरांत असलेलें रिटुक्सिमॅब नांवाचें औषध २००६ पासून कठीण आमवातावरहि दिलें जातें, कारण दोन्हीकडे निशाण एकाच जातीच्या पेशींवर आहे.

मेथोट्रेक्सेटसंबंधीं एक गोष्ट ठसठशीत अक्षरांत भिंतीवर लावावी. ही गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. एकत्र कुटुंबांत औषध देणारे हात पुष्कळ. रक्तदाबाची गोळी रोज, तशी हीहि रोज, असें समजून कोणी दिली तर जीव जाऊं शकतो, आणि असे प्रकार घडलेले आहेत. म्हणून वार ठरवावा, दिनदर्शिकेवर खूण करावी, आणि डबी एकाच माणसाच्या ताब्यांत असावी. जोडीला डॉक्टर फॉलिक ॲसिडची गोळी देतात. ती कोणत्या वारीं, हेंहि लिहून घ्यावें. यकृताची व रक्ताची परीक्षा ठराविक मुदतीनें करावी. गरोदरपणीं हें औषध वर्ज्य. तिसऱ्या अपत्याचा विचार असेल तर तो डॉक्टरांस आधीं कळवावा, म्हणजे ते औषध वेळेवर बदलतील. या प्रश्नाचा उच्चार सुनेनें सासऱ्यांसमोर करावा अशी अपेक्षा ठेवूं नये. तिला डॉक्टरांशीं एकटीनें बोलूं द्यावें.

योगासनांनीं काम भागेल काय, असें लोणावळ्याच्या वाचकांकडून हटकून विचारलें जातें, आणि तें साहजिक आहे. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं तेथेंच कैवल्यधाम स्थापिलें. सूज उतरल्यावर सांध्यांची हालचाल राखण्यास, झोंप व मन स्वस्थ ठेवण्यास आसनांचा व श्वसनाचा उपयोग निःसंशय आहे. तापलेल्या, सुजलेल्या सांध्यावर जोर मात्र देऊं नये. स्वामींचा आग्रहच मुळीं असा होता कीं, योगाचा परिणाम यंत्रांनीं मोजून पहावा. आसनें करीत असतांना रक्तांतील दाह उतरतो आहे कीं नाहीं, हें मोजून पहाणें त्या परंपरेस धरूनच होईल. तंबाखूच्या धुरानें हा रोग जडण्याचा व बळावण्याचा संभव वाढतो. घरांत कोणी ओढीत असेल तर त्यानें हें वाक्य दोनदां वाचावें.

आणखी एक. आवणीच्या दिवसांत चिखलांत वांकून भात लावणाऱ्या, व उरलेलें वर्ष आपल्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईचे हात सुजलेले दिसले, तर "पाण्यानें झालें असेल" असें म्हणून आपण मोकळे होतों. तिला सकाळीं हात मोकळे व्हावयास किती वेळ लागतो, एवढें विचारावें.

पत्रकर्त्या गृहस्थांनीं पुण्यास जातांना ताठरपणा केव्हां सुरू झाला, किती वेळ टिकतो, कोणते सांधे, माहेरीं कोणास असा विकार होता काय, हें कागदावर टिपून न्यावें. सामान्य हाडवैद्याकडे न जातां सांध्यांच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे जावें. रक्तपरीक्षा निर्दोष आली तरी सूज खरी असेल तर हटूं नये. कित्येक खऱ्या रोग्यांचें रक्त या परीक्षांत निर्दोषच दिसतें. तोंपर्यंत सकाळची कणीक दुसऱ्या कोणीं मळावी. दिवाळींत तिला सोलापुरास अवश्य पाठवावें. हवेसाठीं नव्हे, माहेर आहे म्हणून. जातांना गोळ्यांची डबी व तपासणीचे कागद बरोबर द्यावे.